बिनखोडीचं जनावर

घोडा समोर आणून उभा केला की सगळे घोड्याकडे बघत. चाचा घोडा आणणाऱ्याकडे बघत. त्याचे हात कुठे आहेत, तो कुठल्या बाजूला उभा राहिला आहे, बोलता बोलता मध्येच का थांबला, हे सगळं बघून झालं की मग सावकाश त्यांची नजर घोड्यावर येई. तोपर्यंत निम्मा निकाल लागलेला असे. ‘जनावर खोटं बोलत न्हाय,’ ते म्हणत, ‘त्येच्या संगट आलेला बोलतोय. पयला त्येला बगायचा.’

चाचा म्हणजे आमच्या पागेतले चाबूकस्वार. कोऱ्या घोड्याला लगाम-खोगिराची सवय लावायची, त्याला माणसाखाली चालायला शिकवायचं, हे त्यांचं पिढीजात काम. पागा कोल्हापुरातल्या एका मोठ्या मानकऱ्यांची होती. मानकऱ्यांचं नाव मी सांगत नाही. घराणं अजून नांदतं आहे, आणि वाचणारा कोण असेल याचा मला भरवसा नाही. ही सवय चाचांचीच. चाळीस वर्षं मास्तरकी करूनही ती माझ्या अंगातून गेली नाही, आणि दूध घालणारा फार गोड बोलायला लागला की मी अजून चरवीत डोकावून बघतो.

मास्तर होण्याआधी दोन वर्षं मी त्या पागेत कारकून होतो. पागेत घोडा आला की त्याचा ‘चेहरा’ लिहायचा, म्हणजे रंग, उंची, वय, अंगावरच्या भोवऱ्या, कुठे पांढरा डाग असेल तर तो, असं सगळं एका मोठ्या वहीत उतरवायचं. शेवटचा रकाना खोडीचा. चावतो, लाथ मारतो, पाण्याला बिचकतो, जे असेल ते तिथे लिहायचं. वही माझ्या हातात असली तरी त्या रकान्यात काय पडायचं ते चाचांच्या तोंडून येई. चाचांना अक्षरओळख नव्हती. मी लिहिलं की ते वहीवर वाकून शाईकडे बघत आणि मग माझ्याकडे बघत. तेवढ्यावर त्यांचं समाधान होई, आणि त्या वयात मला त्याचं काही विशेष वाटत नसे.

बाकी त्यांचं समाधान म्हणून कशानेच होत नसे. हौदातलं पाणी घोड्यांना दाखवण्याआधी ते स्वतः ओंजळभर पिऊन बघत. चंदीचे, म्हणजे घोड्यांच्या खुराकाचे, हरभरे आले की पोत्याच्या तळाशी हात घालून मूठभर काढत, कारण वरचे दाणे दाखवायचे असतात असं त्यांचं मत. नालबंद त्यांचा सख्खा साडू. तरी त्याने ठोकलेला प्रत्येक नाल ते नखाने वाजवून ऐकत आणि साडू शेजारी उभा राहून दात-ओठ खाई. आभाळ भरून आलं तर म्हणत, ‘हे आज पडायचं न्हाय, उगंच दाखवतंय.’ आणि पाऊस पडलाच तर म्हणत, ‘ह्यात कायतरी हाय.’ पागेतले मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारे गडी, त्यांच्या पाठीमागे हसत. मीही हसत असे.

त्यांचा एक नेम मात्र कुणालाही मोडता येत नसे. नवा घोडा कितीही चांगला दिसो, एक पुनव आणि एक अवस त्याच्या अंगावरून गेल्याशिवाय खोडीचा रकाना भरायचा नाही. काही खोडी रोज दिसत नाहीत, त्या येतात आणि जातात, असं ते सांगत. विकणारा हुशार असेल तर ती गेलेली असतानाच घोडा घेऊन येतो. महिनाभर रकाना कोरा, आणि तोवर त्या घोड्यावर चाचांखेरीज कुणी बसायचं नाही. कारभारी कितीदा कुरकुरले, पण त्या नेमाने दोन-तीन माणसांच्या मानगुटी वाचलेल्या सगळ्यांना ठाऊक होत्या.

त्या काळात मला लिहिण्याचा नाद लागला होता. मंगळावर कालवे आहेत आणि ते खणणारं कुणीतरी तिथे राहतं, असं इंग्रजी मासिकांतून छापून येई. गावात एका प्रोफेसरांचं त्यावर व्याख्यानही झालं होतं. मी लगोलग एक गोष्ट रचली. एक मराठा गडी विमानातून मंगळावर जातो आणि तिथलं वाहन त्याला बसायला मिळतं. त्या वाहनाचं नाव मी ठेवलं होतं व्योमवारू. सहा पाय, मानेभोवती गोल फिरणारे आठ डोळे, खाणं नाही, पिणं नाही, उन्हावर जगतो, दमत नाही, भीत नाही, स्वाराच्या मनातलं बोलायच्या आत ओळखतो. पागेतले घोडे रोज बघून मला त्यांचा कंटाळा आला होता. लीद, माश्या, गुडघ्यांची सूज आणि पोटदुखी यांच्यात दिवस काढणाऱ्या माणसाने दुसरं काय रचावं?

कारकुनाने एक जनावर लिहिलं आहे, ही बातमी मोतद्दारांनी चाचांपर्यंत पोचवली. एका दुपारी ते माझ्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, ‘वाच.’ मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, रंगले. गोष्ट संपली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो विमानाचा नव्हता की मंगळाचा नव्हता. ‘ह्यो घोडा त्येला दिला कुनी?’

मी म्हणालो, तिथल्या राजाने. मग राजा स्वतः त्यावर का बसत नाही, असं त्यांनी विचारलं. मी कागद चाळू लागलो. मग त्यांनी व्योमवारू अक्षरशः तपासायला घेतला. सहा पायांतला दौडीत आधी कुठला पडतो? मधले दोन पाय पुढच्यांच्या टाचा तुडवत नाहीत का? नाल किती दिवसांनी बदलायचे? खात नाही म्हणतोस, मग आजारी पडला हे कळणार कसं, कारण घोडा आजारी आहे हे पहिल्यांदा चंदीच सांगते. मला राग येऊ लागला होता. आठ डोळ्यांवर आले तेव्हा ते मला समजावून सांगायच्या सुरात बोलू लागले. घोड्याला कमी दिसावं म्हणून आपण गाडीच्या घोड्याच्या डोळ्यांना झापडं बांधतो, आणि तू त्याला आठ डोळे देतोस. ते बिचारं चारी बाजूंचं बघून जागेवरच फिरत राहील.

‘आन् भीत न्हाय म्हंतोस,’ ते म्हणाले. ‘जे भीत न्हाय, ते तुजं कशाला ऐकंल? घोडं भितंय, म्हून त्येला तुजा हात लागतोय मर्दा.’

मी चिडून विचारलं की इतकं चांगलं जनावर तुम्हाला का आवडत नाही. तेव्हा त्यांनी मला पागेच्या टोकाला नेलं. तिथे रंभा नावाची त्यांची म्हातारी घोडी बांधलेली होती. माणसं लेकरांचे गुण सांगतात तशा त्यांनी तिच्या खोडी सांगितल्या. डाव्या बाहीला चावते, उजव्या नाही. सकाळी पहिल्यांदा पाण्यात पाय घालत नाही, दुसऱ्यांदा घालते. लाल पागोट्याच्या माणसाचा राग करते. खोगीर कसताना पोट फुगवून धरते, म्हणून थोडं थांबून पुन्हा कसावं लागतं. एवढं सांगून तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, ‘हिच्यावर मी डोळं झाकून बसतोय. तुज्या जनावराला खोडच न्हाय. खोड न्हाय म्हंजे अजून दिसली न्हाय, न्हायतर कुनी लपवलीय. मी त्येच्यावर बसनार न्हाय.’

गोष्ट मी एका मासिकाकडे पाठवली, ती साभार परत आली. चाचांना त्याचा आनंद झाला असेल असा मला संशय आला, आणि तो मी मनात धरून ठेवला. हे आता सांगायला लाज वाटते, पण पुढचं कळायचं तर सांगायलाच हवं.

दसरा तीन आठवड्यांवर असताना एक सौदागर पागेत पांढरा घोडा घेऊन आला. काठेवाडी, उंच, मान कमानदार, अंगावर माशी बसली तर घसरेल असा तुळतुळीत. मानकऱ्यांचे नवे जावई यंदा शिलंगणाच्या स्वारीत घोड्यावरून निघणार होते, आणि कोल्हापूरचे महाराज स्वतः घोड्यांचे जाणकार, तेव्हा त्यांच्या नजरेखालून जाईल असंच जनावर हवं होतं. कारभारी एका दृष्टीत पाघळले. मी तर त्यांच्याही आधी पाघळलो. तो घोडा चालायला लागला तेव्हा मला वाटलं, माझा व्योमवारूच दोन पाय कमी करून पागेत आला आहे. चाचा सौदागराकडे बघत होते.

घोडा पागेत ठेवून घेतला गेला. सौदागर गेल्यावर चाचा मला म्हणाले, ‘त्यो गडी सारखा उजव्या अंगाला हुबा ऱ्हात हुता. बगितलंस?’ मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी दाखवलं की उभा असताना घोड्याचा डावा कान पुढे असतो, उजवा सतत बाजूला फिरत असतो. त्या बाजूला डोळ्याचं काम कान करतो आहे, असा त्यांचा वहीम. डोळा तर स्वच्छ होता. मी त्यात माझं तोंड बघून घेतलं. चाचा म्हणाले, असा एक आजार असतो की डोळा काही दिवस धूसर होतो, मग आपोआप निवळतो, पुन्हा धूसर होतो, आणि दरवेळी थोडी नजर घेऊन जातो. थांबायचं. महिना होऊ दे.

महिना झाला असता तर दसरा उलटून गेला असता. दहाव्या दिवशी कारभाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. म्हातारा पाण्यावरही वहीम घेतो, त्याच्यासाठी जावयांना पायी चालवायचं काय, असं म्हणून त्यांनी खोडीचा रकाना भरून टाकायला सांगितलं. मी भरला. ‘काही नाही’ असं ठळक लिहिलं. कारभाऱ्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. ते अर्धंच खरं. बिनखोडीचं जनावर असू शकतं हे मला चाचांना दाखवायचं होतं. 

त्यानंतर रोज सकाळी चाचा घोडा फिरवून आले की ओसरीपाशी थांबून त्या रकान्याबद्दल विचारत, ‘कोरं हाय न्हवं?’ मी म्हणे, कोरं आहे. हौदाचं पाणी चाखणारा, साडूचा नाल वाजवून बघणारा हा माणूस माझं एवढं ऐकून निघून जाई. आपल्या हातात दिवस आहेत अशा समजुतीत ते घोड्याला हळूहळू वागवत होते, उजव्या बाजूने काठी, फडकं, रिकामं पोतं असं एकेक लांबून दाखवत होते. मला ते दिसत होतं. रोज सकाळी मी ठरवी की आज सांगायचं, आणि रोज सांगायचं राहून जाई.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मैदानात तालीम होती. नगारे होते, अब्दागिऱ्या, म्हणजे मिरवणुकीतल्या झालरदार छत्र्या, घेऊन माणसं रांगेत उभी होती. जावई साज घालून आले आणि पांढरा घोडा खोगीर घालून बाहेर काढला गेला. चाचा पागेच्या दारातून आले ते थेट जाऊन लगाम धरून उभे राहिले. कुणाच्या शब्दावर घोडा काढला, असं त्यांनी विचारलं. कारभारी म्हणाले, वहीच्या. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वही आणायला सांगितली, आणि ती आल्यावर मला म्हणाले, ‘वाच.’

मैदानात साठ-सत्तर माणसं होती. मी वाचलं. खोड, काही नाही.

 चाचा चिडले असते, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला सोसलं असतं. त्यांनी जावयांना मुजरा केला आणि म्हणाले, ‘सरकार, चाबूकस्वाराच्या आदी कुनी बसायचं न्हाय, एवडा रिवाज हाय. मला एक फेरी मारू द्या.’ जावई तरुण होते, पण शहाणे होते, बाजूला झाले. चाचांनी रिकिबीत पाय घातला. घोडा सरळ चालला, वळला, दौडला, सगळं देखणं. कारभाऱ्यांच्या तोंडावर हसू आलं. मग चाचांनी घोडा मुद्दाम अब्दागिऱ्यांच्या रांगेजवळून घेतला, उजवं अंग रांगेकडे करून, आणि पहिल्या माणसाला अब्दागिरी हलवायची खूण केली.

झालर घोड्याच्या कानाला लागली. तोवर त्याला तिथे काही आहे हे दिसलंच नव्हतं. तो मागच्या दोन पायांवर सरळ उभा राहिला, तोल जाऊन पाठीवर कोसळला, आणि चाचा त्याच्याखाली आले.

चाचांच्या खुब्याचं हाड मोडलं. पाचव्या दिवशी घोड्याचा उजवा डोळा पेजेसारखा पांढुरका झाला आणि जनावरांच्या डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. सौदागराचा पत्ता लागला नाही. घोडा हाकलून द्यायचं ठरत होतं, तेव्हा चाचांनी अंथरुणावरून निरोप पाठवला की घोडा ठेवा, त्याच्या उजव्या अंगाला नेहमी दुसरा घोडा चालवा, बिचकायचा नाही. तसं केलं. तो घोडा पुढे कित्येक वर्षं पागेत होता आणि त्याने कुणालाही पाडलं नाही. चाचा मात्र परत घोड्यावर बसले नाहीत.

मी दोन महिने त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. कारकुनी सोडली, शाळेत नोकरी धरली, आणि मग एका रविवारी धीर करून गेलो. ते दारातल्या बाजेवर पडलेले होते, शेजारी काठी. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कारभाऱ्यांचं, मासिकाचं, रोज सकाळी खोटं बोलत होतो त्याचं. रडलोही. त्यांनी मला पुरतं रडू दिलं.

‘पान्यावर वहीम घेतला, साडूवर घेतला,’ ते म्हणाले. ‘तुज्यावर घ्यायचा ऱ्हायला. त्यात तुजी काय चूक न्हाय, ती माजी.’ मग पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवून म्हणाले, ‘आता तुजी खोड कळली. आता येत जा.’

मी जात राहिलो. त्यांचा मुलगा नालबंद म्हणून सायबाच्या फौजेत लागला होता; मोठी लढाई सुरू झाली आणि तो लामावर, म्हणजे लढाईवर, दर्यापार गेला. त्याची पत्रं येत, ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. चाचा डोळे मिटून ऐकत, एखादं वाक्य पुन्हा वाचायला लावत, आणि पत्र घडी करून उशाखाली ठेवत. मला वाटे, एवढं तरी त्यांनी मला माफ केलं.

ते गेले तेव्हा मी परगावी होतो. आल्यावर भेटायला गेलो. त्यांची लेक सासरहून आलेली होती. तिने मला चहा दिला आणि उशाखालची पत्रं दाखवली. बोलता बोलता तिने सहज सांगितलं की मी पत्र वाचून गल्लीच्या तोंडाला वळलो की अब्बा तेच पत्र घेऊन काठी टेकत मशिदीजवळच्या शिंप्याकडे जात आणि त्याच्याकडून पुन्हा पहिल्यापासून वाचून घेत. एकही पत्र चुकलं नाही. मी हातातली बशी खाली ठेवली. तिला माझ्या तोंडाकडे बघून काय वाटलं कुणास ठाऊक, ती गडबडीने म्हणाली, ‘तसं न्हवं मास्तर. दोन्ही येळंला सारखंच निगायचं की. त्या दिवशी अब्बा दोन भाकरी जास्त खायाचं.’